बँडसॉच्या पात्याची निगा

(लोखंड कापणारे यंत्र बहुतेक वर्कशॉपमध्ये असते. ते यंत्र कसे चालते, त्याचे पाते का तुटते आणि ते जास्त दिवस टिकावे म्हणून कोणती काळजी घ्यावी, याची माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, मनगटाएवढी जाड लोखंडी सळई कापायची आहे आणि तुमच्या हातात फक्त हॅक्सॉ म्हणजे हातकरवत आहे, अशी कल्पना करा. तुम्ही करवत पुढे ढकलाल, मागे ओढाल, पुन्हा पुढे ढकलाल. थोड्याच वेळात दंड भरून येतील. सळई मात्र नखभरच कापली गेलेली असेल. याचे एक कारण असे की, हातकरवत पुढे जाताना कापते. मागे येताना ती काहीच कापत नाही. म्हणजे तुमची निम्मी हालचाल फुकट जाते.

ही फुकट जाणारी हालचाल वाचवण्यासाठी माणसाने एक युक्ती शोधली. करवतीचे लांब पाते घ्यायचे, त्याची दोन टोके एकमेकांना जोडून मोठे कडे करायचे आणि ते कडे दोन चाकांवर पट्ट्यासारखे चढवायचे. चाके फिरू लागली की पातेही एकाच दिशेने सारखे फिरत राहते. त्याला मागे येणे ठाऊकच नाही. या यंत्राला 'बँडसॉ' म्हणतात. मराठीत त्याला पट्टाकरवत म्हणता येईल. पण कारखान्यात सगळेजण बँडसॉच म्हणतात.

पुढे जाण्यापूर्वी काही शब्दांची ओळख करून घेऊ. तुम्ही घरी ज्याला आरी म्हणता, ती मराठीत करवत. आरीचा दंदाना म्हणजे करवतीचा दात. तुमचा फौलाद मराठीत पोलाद झाला आहे आणि औजार हा शब्द अवजार झाला आहे. कारखाना, कारागीर, दुरुस्ती हे शब्द तर दोन्ही भाषांत चालतात. यंत्रांच्या दुनियेत उर्दू आणि मराठी एकमेकींना फार परक्या नाहीत. म्हणून हा पाठ तुम्हांला अवघड वाटणार नाही.

पुण्याजवळची भोसरी, नाशिकजवळचे अंबड, कोल्हापूरजवळची शिरोली या औद्योगिक वसाहतींमधील वर्कशॉपमध्ये लोखंड कापणारा आडवा बँडसॉ दिसतो. मालेगाव, भिवंडीसारख्या गावांत यंत्रमागाचे सुटे भाग करणारे कारागीर आहेत. त्यांनाही रोज लोखंडी सळया आणि पाइप कापावे लागतात. ज्या वस्तूवर काम करायचे, तिला वर्कशॉपमध्ये 'जॉब' म्हणतात. बँडसॉवर जॉब व्हाइसमध्ये घट्ट पकडलेला असतो. वर एक आडवा हात असतो. त्या हाताच्या दोन टोकांना दोन चाके असतात. एक चाक मोटरने फिरते. दुसरे चाक मोकळे असते. ते स्क्रूने पुढेमागे सरकवून पात्याला ताण देता येतो. हात हळूहळू खाली येतो आणि फिरते पाते जॉब कापत जाते.

कल्पना सोपी आहे, पण ती प्रत्यक्षात यायला फार वेळ लागला. १८०९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी यांनी अशा करवतीचे पेटंट घेतले. परंतु पाते चाकांवरून वाकत वाकत फिरे आणि थोड्याच वेळात तुटे. बऱ्याचदा ते सांध्यावरच तुटे. पात्याची टोके पक्की कशी जोडावीत, हे कोणाला जमत नव्हते. पुढे फ्रान्समधील अ‍ॅन पॉलीन क्रेपँ या बाईंनी टोके जोडण्याची चांगली रीत शोधली आणि १८४६ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. पॅरिसच्या पेरँ कंपनीने तो हक्क विकत घेतला, त्याला चांगल्या पोलादाची जोड दिली आणि टिकाऊ पाते तयार केले. त्या करवती लाकडासाठी होत्या. धातू कापणारा बँडसॉ विसाव्या शतकात, १९३० नंतरच्या दशकात, अमेरिकेतील लेटन विल्की यांच्या प्रयत्नाने प्रचारात आला.

पाते का तुटे, हे नीट समजून घ्या; कारण तीच अडचण आजही आहे. एखादी बारीक तार हातात घ्या. ती एकदा वाकवली तर तुटत नाही. पण त्याच जागी पुन्हा पुन्हा वाकवून सरळ केली तर ती तुटते. बँडसॉच्या पात्याचे असेच होते. समजा, पाते ३ मीटर लांब आहे आणि ते मिनिटाला ६० मीटर वेगाने फिरते आहे. म्हणजे त्याचे मिनिटाला २० फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात पात्याचा प्रत्येक भाग दोन चाकांवर दोनदा वाकतो आणि दोनदा सरळ होतो. मिनिटाला ४० वेळा, म्हणजे तासाला २४०० वेळा! इतके करूनही चांगले पाते पुष्कळ दिवस टिकते. ते लवकर तुटले तर "पाते हलके होते" असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु बहुतेक वेळा दोष पात्याचा नसतो. ते बसवण्यात किंवा चालवण्यात चूक झालेली असते.

आज चांगली पाती दोन प्रकारच्या पोलादांची बनवतात. पात्याची पाठ लवचीक पोलादाची असते, म्हणून ती वाकते पण तुटत नाही. दातांची टोके मात्र कठीण पोलादाची असतात, म्हणून ती लवकर बोथट होत नाहीत. या पात्याला 'बाय-मेटल' पाते म्हणतात. 'बाय' म्हणजे दोन आणि 'मेटल' म्हणजे धातू. असे पाते स्वस्त नसते. निष्काळजीपणाने एक पाते तुटले, तर शिकाऊ कामगाराची काही दिवसांची मजुरी गेली असे समजा.

आता पात्याची निवड कशी करतात ते पाहू. पात्यावर एका इंचात किती दात आहेत, हे पाहून पाते निवडतात. यासाठी एक सोपा नियम आहे. कापताना जॉबमध्ये एकाच वेळी निदान तीन दात असले पाहिजेत. सहा ते बारा दात असतील तर फारच उत्तम. उदाहरणार्थ, ५० मिलिमीटर म्हणजे सुमारे २ इंच जाडीची भरीव सळई घ्या. इंचाला ६ दात असलेल्या पात्याचे १२ दात तिच्यात बसतील. हे ठीक झाले. पण तेच पाते १० मिलिमीटर जाडीच्या पट्टीवर चालवले, तर तिच्यात जेमतेम दोनच दात बसतील. मग पट्टीची कड दोन दातांच्या मधल्या खाचेत अडकते आणि दात उपटून निघतात. अशा पट्टीसाठी इंचाला १४ दातांचे पाते घ्यावे; तिच्यात पाच दात बसतील. याउलट जाड सळईला फार बारीक दातांचे पाते लावले, तर दातांमधल्या लहान खाचा लोखंडाच्या किसाने भरून जातात आणि पाते कापण्याऐवजी नुसते घासत राहते.

पाते बदलण्यापूर्वी मोटरचे बटण बंद करणे पुरेसे नाही. भिंतीवरचा मुख्य स्विचही बंद करा. नवे पाते तीन वेढ्यांत गुंडाळलेले असते आणि ते स्प्रिंगसारखे दाबलेले असते. दोरी सुटताच ते झटकन उघडते व तोंडाला लागू शकते. म्हणून पाते हाताळताना जाड हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घाला, ते शरीरापासून लांब धरा आणि एकेक वेढा सावकाश सोडा. मात्र यंत्र चालू करण्यापूर्वी हातमोजे काढून ठेवा. मोजा पात्यात अडकला, तर तो हातालाही ओढून नेतो.

जुने पाते काढल्यावर चाकांवर साचलेला कीस ब्रशने झाडा आणि कापडाने पुसा. किसाचा बारीक कण चाक आणि पाते यांच्यामध्ये राहिला, तर प्रत्येक फेऱ्यात तो पात्याला टोचतो. त्या जागी पुढे चीर पडते. नंतर नवे पाते चढवा. दातांची टोके कोणत्या बाजूला आहेत ते नीट पाहा. पाते ज्या दिशेने जॉबमधून जाते, त्याच दिशेला टोके असावीत. ती उलट दिशेला दिसली तर घाबरू नका. पाते आतली बाजू बाहेर येईल असे उलटवा, म्हणजे दिशा आपोआप सुधारते. उलटे पाते लोखंड कापत नाही. ते काही मिनिटांतच बोथट होऊन जाते.

यानंतर पात्याला ताण द्यायचा असतो. हे काम सर्वांत महत्त्वाचे आहे. तुमच्यापैकी कोणाच्या घरी किंवा शेजारी यंत्रमाग असेल, तर ताणा-बाणा हे शब्द तुम्हांला माहीत असतील. ताणा ढिला पडला तर कापड बिघडते. तो फार आवळला तर धागे तुटतात. पात्याचेही तसेच आहे. ताण कमी असेल तर पाते जॉबमध्ये एका बाजूला सरकते आणि काप वाकडा होतो. कधी ते चाकावर घसरते किंवा निसटते. ताण फार जास्त असेल तर सांध्यावर भार येतो आणि पाते तुटते. शिवाय चाकांची बेअरिंगही लवकर खराब होतात.

योग्य ताण म्हणजे किती? बाय-मेटल पात्यासाठी तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २१०० किलोग्रॅम धरतात. साध्या कार्बन पोलादाच्या पात्याला याहून कमी ताण देतात. आता हिशोब करू. २७ मिलिमीटर रुंद आणि ०.९ मिलिमीटर जाड पात्याच्या छेदाचे क्षेत्रफळ २४.३ चौरस मिलिमीटर, म्हणजे ०.२४३ चौरस सेंटिमीटर होते. त्याला २१०० ने गुणले, तर सुमारे ५१० किलोग्रॅम येतात. बोटभर रुंद असलेली ती पातळ पट्टी पाच क्विंटलच्या भाराने ताणलेली असते! हे अंदाजाने जमत नाही. यंत्रावर ताण दाखवणारा काटा असेल तर तो पाहावा. काटा नसेल तर यंत्राच्या माहितीपुस्तकात जे सांगितले असेल ते करावे. जुने कारागीर पात्याला टिचकी मारून आवाजावरून ताण ओळखतात. पण असा कान तयार व्हायला अनेक वर्षे जावी लागतात. नवे पाते काही काप झाल्यावर थोडे ताणले जाते. म्हणून त्याचा ताण पुन्हा एकदा तपासा. दिवसाचे काम संपल्यावर ताण थोडा ढिला करून ठेवा, म्हणजे रात्रभर पात्याला आणि चाकांना उगीच भार सोसावा लागत नाही.

ताण दिल्यावर पाते चाकांवर सरळ धावते की नाही, ते पाहावे. मुख्य स्विच बंद असतानाच चाक हाताने सावकाश फिरवा. दातांपासून हात लांब ठेवा. चाकाच्या एका बाजूला उंच काठ असतो. पात्याची पाठ या काठाच्या अगदी जवळ चालावी. टेकेल न टेकेल इतकी जवळ. पाठ काठावर घासत असेल तर खरखर आवाज येतो, ती घासून जाड होते आणि तेथूनच चिरा पडतात. पाते काठापासून दूर जात असेल तर ते चाकावरून उतरू शकते. मोकळ्या चाकाला असलेला स्क्रू अगदी थोडा फिरवला की चाकाचा कल बदलतो आणि पाते जागेवर येते. एका वेळी स्क्रूचा पाव फेराच द्या. नंतर चाक चारपाच वेळा फिरवून पाहा आणि मगच पुढचा पाव फेरा द्या. घाई करणाऱ्याला हे काम कधीच जमत नाही.

चाकांवर पाते तिरपे असते, पण जॉबवर त्याचे दात सरळ खाली यायला हवेत. यासाठी जॉबच्या दोन्ही बाजूंना गाइड बसवलेले असतात. ते पात्याला पीळ देऊन उभे धरतात. काही यंत्रांत गाइडला छोटी बेअरिंग असतात. ती पात्याच्या दोन्ही अंगांना हलकेच टेकलेली असावीत. पाहण्याची रीत अशी : यंत्र बंद असताना बेअरिंग बोटाने फिरवून पाहा. ते थोड्या जोराने फिरले तर बरोबर. ते गरगर फिरले तर फट जास्त आहे. मुळीच फिरले नाही तर ते फार आवळलेले आहे. मग व्हाइसच्या सपाट बैठकीवर गुण्या उभा ठेवून पात्याला लावा. गुण्या आणि पाते यांच्यामध्ये उजेड दिसता कामा नये. उजेड दिसला तर पाते काटकोनात नाही असे समजा.

गाइडांविषयी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. दोन्ही गाइड जॉबच्या जितके जवळ आणता येतील तितके आणावेत. लांब फूटपट्टी दोन्ही टोकांना धरली तर ती मध्ये सहज वाकते. पण हात जवळ आणले की ती ताठ राहते. हातभर रुंद जॉब कापल्यानंतर कोणी बारीक सळई लावतो आणि गाइड मात्र तसेच दूर ठेवतो. मग काप तिरका होतो आणि दोष पात्याला दिला जातो.

आता नवे पाते काम करायला तयार झाले. पण त्यावर लगेच पूर्ण दाब देऊ नका. तुम्ही खुशखतीसाठी नवी कलम तासता, तेव्हा पहिल्या ओळी हलक्या हाताने लिहिता ना? तासलेले टोक फार नाजूक असते. जोर दिला तर ते चिरते आणि मग साऱ्या पानावर अक्षर खराब येते. नव्या पात्याच्या दातांची धार अशीच नाजूक असते. म्हणून सुरुवातीला पात्याचा वेग नेहमीचाच ठेवावा, पण दाब निम्मा करावा. साधारण ३०० चौरस सेंटिमीटर लोखंड कापून होईपर्यंत असे करावे. ५० मिलिमीटर व्यासाच्या सळईचा छेद सुमारे २० चौरस सेंटिमीटर असतो. म्हणजे असे १५ काप हलक्या दाबाने घ्यावे लागतात. नंतर दाब हळूहळू वाढवावा. पहिल्या दिवशी या १५ कापांना थोडा जास्त वेळ लागतो, पण पाते पुढे कितीतरी दिवस जास्त चालते.

सगळ्या धातूंना एकच वेग चालत नाही. साधे लोखंड, म्हणजे ज्याला वर्कशॉपमध्ये 'एम. एस.' म्हणतात ते, बाय-मेटल पात्याने आणि कूलंट चालू ठेवून मिनिटाला साधारण ६० ते ७५ मीटर वेगाने कापतात. स्टेनलेस स्टील चिवट असते. त्याला साधारण २० ते ३५ मीटर वेग पुरे होतो. नेमका वेग पाते बनवणाऱ्याच्या तक्त्यात पाहावा. धातू जितका कठीण, तितका वेग कमी, हे सूत्र मात्र कायम लक्षात ठेवा.

वेग आणि दाब बरोबर आहेत की नाहीत, हे कोण सांगणार? ते खाली पडणारा कीस सांगतो. विज्ञानाच्या तासाला लोहचुंबकाच्या प्रयोगात तुम्ही लोहकीस पाहिला आहे. बँडसॉचा कीस त्यापेक्षा वेगळा दिसावा. तो चांदीसारखा चमकणारा, सैल वळ्यांचा आणि हाताला फार गरम न लागणारा असला, तर सर्व ठीक आहे. कीस पिठासारखा बारीक पडत असेल, तर दाब कमी आहे किंवा दात बोथट झाले आहेत. पाते कापत नसून घासत आहे. कीस जाड आणि निळा किंवा तपकिरी झालेला असेल, तर तो तापून जळला आहे. दाब किंवा वेग कमी करा. कीस पाहायचा असेल तर आधी यंत्र बंद करा आणि ब्रशने बाजूला घ्या. चालत्या यंत्राखाली हात घालू नका. किसाच्या कडा ब्लेडसारख्या धारदार असतात.

कापताना लोखंड आणि पाते दोन्ही तापतात. त्यांना थंड ठेवण्यासाठी पाण्यात तेल मिसळून तयार केलेले दुधासारखे पांढरे कूलंट वापरतात. दहा भाग पाण्याला साधारण एक भाग तेल घेतात. आधी पाणी घ्यावे आणि त्यात तेल ओतून ढवळावे. उलट केले तर मिश्रण नीट होत नाही. कूलंट नेमके कापावर पडले पाहिजे. बिडाचे लोखंड मात्र कोरडेच कापतात. कारण त्याचा बारीक चुरा कूलंटमध्ये मिसळून चिखल होतो. यंत्रावर तारेचा एक गोल ब्रश असतो. तो दातांच्या खाचांतील कीस काढून टाकतो. हा ब्रश झिजला की बदला. तो छोटा आणि स्वस्त असतो, म्हणून त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पण खाचेतला कीस निघाला नाही, तर पुढच्या फेऱ्यात तो दातांखाली येतो आणि दात मोडतात.

जॉब कसा पकडावा, यालाही महत्त्व आहे. अँगल म्हणजे काटकोनात वाकलेली लोखंडी पट्टी. ती व्हाइसमध्ये उलट्या 'व्ही' प्रमाणे, कोपरा वर येईल अशी ठेवावी. मग पाते दोन्ही अंगे सारखी कापत जाते. जॉब हलला तर दात मोडणारच. म्हणून व्हाइस घट्ट करा आणि एकदा हाताने हलवून खात्री करून घ्या. पाते जॉबवर टेकलेले असताना मोटर कधीही सुरू करू नका. आधी पाते फिरू द्या, मग हात सावकाश खाली येऊ द्या.

कापता कापता दात मोडला किंवा पाते तुटले, तर काय करावे? यंत्र बंद करा. कापातून मोडलेला दात शोधून काढा. तो दात लोखंडापेक्षा फार कठीण असतो. आत राहिला तर तो नव्या पात्याचे दातही मोडतो. नवे पाते जुन्या कापात घालू नका. जुन्या पात्याचे दात झिजलेले होते, म्हणून तो काप अरुंद असतो. त्यात नवे पाते अडकते आणि त्याची धार जाते. जॉब फिरवून दुसऱ्या बाजूने नवा काप सुरू करा.

काप सरळ आला की नाही, हे डोळ्यांनी कळत नाही. एक पातळ चकती कापा आणि व्हर्निअर कॅलिपरने तिची जाडी चार बाजूंना मोजा. चारही मापे सारखी आली तर यंत्र ठीक आहे. फरक आला तर क्रमाने तपासा : पात्याचा ताण कमी झाला आहे का? गाइड दूर आहेत का? ते गुण्यात आहेत का? दाब फार जास्त आहे का? एका बाजूचे दात झिजले आहेत का? एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा चकती कापून मोजा. पाच गोष्टी एकदम बदलल्या, तर दोष कोठे होता ते कधीच समजणार नाही. तुम्ही प्रयोगशाळेत निरीक्षण करता आणि मग निष्कर्ष काढता, तीच ही पद्धत आहे.

दहावीनंतर तुमच्यापैकी काहीजण औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये जातील. तेथे फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. काहीजण एखाद्या वर्कशॉपमध्ये उस्तादाच्या हाताखाली काम शिकतील. तेथे पहिल्याच आठवड्यात कोणीतरी तुम्हांला बँडसॉजवळ उभे करील. "दाब वाढव, लवकर काप," असेही कोणी म्हणेल. त्या वेळी खाली पडणारा कीस पाहा, आवाज ऐका आणि काप मोजा. दाब वाढवल्याने एका कापात दोन मिनिटे वाचतात. पण पाते तुटले, तर ते बदलून पुन्हा बसवण्यात अर्धा तास जातो आणि हाताची बोटेही धोक्यात येतात. ज्याला हा हिशोब समजला, त्याच्या हाती उस्ताद निर्धास्तपणे यंत्र सोपवतो.

शब्दार्थ

निगा – काळजी, देखभाल.
दंड भरून येणे – हात दुखू लागणे.
छेद – वस्तू कापल्यावर दिसणारा भाग.
चीर – भेग.
बोथट – धार गेलेला.
बीड – ओतीव लोखंड.
गुण्या – काटकोन तपासण्याचे अवजार.
चिवट – सहज न तुटणारा.
निर्धास्तपणे – कसलीही भीती न बाळगता.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हातकरवत कोणत्या दिशेने जाताना कापत नाही?
(आ) कापताना जॉबमध्ये निदान किती दात असावेत?
(इ) बिडाचे लोखंड कोरडे का कापतात?

२. कारणे द्या.
(अ) नव्या पात्यावर सुरुवातीला निम्मा दाब देतात.
(आ) नवे पाते जुन्या कापात घालू नये.
(इ) यंत्र चालू असताना हातमोजे घालू नयेत.

३. किसाच्या रूपावरून काय समजते, ते चार-पाच वाक्यांत लिहा.

४. हिशोब करा : पाते ४ मीटर लांब असून मिनिटाला ६० मीटर वेगाने फिरते. त्याचे मिनिटाला किती फेरे होतील? पात्याचा एक भाग तासात किती वेळा वाकेल?

५. पाठात आलेले, उर्दू व मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे शब्द शोधा आणि त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.

६. उपक्रम : शिक्षकांबरोबर जवळच्या वर्कशॉपला भेट द्या. तेथील कारागिराला पात्याविषयी पाच प्रश्न विचारा आणि त्यांची उत्तरे मराठीत लिहून आणा.